उलट दिशेने चालणारा माणूस

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



लघुपट करू इच्छिणाऱ्या तरुणांना विषय विचारला, तर हल्ली एक उत्तर हमखास येते : साचेबंद समाजात माणसाचे वेगळेपण. विषय चांगला आहे, महत्त्वाचा आहे. आणि म्हणूनच त्याची जी ठरावीक मांडणी झाली आहे तिच्याबद्दल प्रथम बोलले पाहिजे. पडद्यावर शेकडो माणसे एका दिशेने चालत असतात. सर्वांच्या अंगावर करडे कपडे, सर्वांच्या हातांत काळ्या छत्र्या. मग एक माणूस लाल छत्री घेऊन उलट दिशेने चालू लागतो. संगीत उंचावते आणि चित्रपट संपतो. वेगळेपणाची महती सांगणारे असे लघुपट एकमेकांसारखेच असावेत, हा त्यातला पहिला विनोद. दुसरा विनोद अधिक गंभीर आहे. ही मांडणी ज्या दृश्यावरून घेतलेली असते ते दृश्यच तिने नीट पाहिलेले नसते.

सकाळी आठच्या सुमारास डोंबिवलीच्या फलाटावर उभे राहावे. हजारो माणसे मुंबईच्या दिशेने जाण्यासाठी लोटत असतात हे खरेच आहे. परंतु त्या लोंढ्याच्या विरुद्ध दिशेने अंग चोरून, भिंतीच्या कडेने, जिना उतरणारी काही माणसेही तेथे रोज असतात. ती कोण? रात्रपाळी संपवून आलेली परिचारिका, एखाद्या इमारतीच्या दारावर बारा तास उभा राहिलेला पहारेकरी, मुंबईतल्या मोठ्या बाजारातून पहाटेच माल घेऊन परतलेला फेरीवाला. उलट दिशेने चालणारा माणूस येथे बंडखोर नसतो. बहुधा तो सर्वांत कमी पगाराचा, सर्वांत कमी निवड असलेला माणूस असतो. त्याचे वेगळेपण त्याने निवडलेले नाही. ते त्याच्यावर लादलेले आहे. आणि त्या लोंढ्यात मुकाट्याने चालणाऱ्या एखाद्या कारकुनाच्या मनात मात्र कितीतरी वेगळे काही चाललेले असू शकते. तेव्हा चालण्याच्या दिशेवरून माणूस ओळखता येत नाही. ही गोष्ट ज्याला कळली त्याच्या लघुपटाची निम्मी तयारी झाली.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली हा प्रदेश या विषयासाठी फार योग्य आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली आणि पुढच्या वर्षी ती कल्याणला पोहोचली. तेव्हापासून येथील माणसाचा दिवस घड्याळाने आखला. पूर्वी गावाची रूढी माणसाला बांधत असे. आता तिच्या जोडीला वेळापत्रक आले. २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या घरात होती आणि ठाणे शहराची अठरा लाखांवर. एवढा मोठा समाज रोज विशिष्ट मिनिटाला विशिष्ट डब्याच्या विशिष्ट दाराशी उभा राहतो. डब्यातील जागा ठरलेली, गट ठरलेला, चौथ्या सीटवर कोणी किती वेळ बसायचे तेही ठरलेले. याची टवाळी करणे सोपे आहे. परंतु त्या गटानेच एखाद्याच्या आजारपणात वर्गणी काढलेली असते, एखादीच्या मुलीच्या लग्नाला डब्यातले सगळे गेलेले असतात, हे विसरून चालणार नाही. समूह माणसाला दडपतो आणि समूहच माणसाला सांभाळतोही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि लघुपटाचे खरे नाट्य या दुहेरीपणात आहे.

'चार लोक काय म्हणतील' या प्रश्नाकडे अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहण्याची आपल्याकडे पद्धत नाही. तो भित्रेपणाचा किंवा अज्ञानाचा प्रश्न समजला जातो. वस्तुतः तो पुष्कळ अंशी खर्चाचा प्रश्न आहे. रूढीविरुद्ध वागण्याची एक किंमत असते आणि ती सर्वांना सारखी पडत नाही. ज्याचे स्वतःचे घर आहे त्याला शेजाऱ्यांची नाराजी सोसता येते. अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्या भाडेकरूला ती सोसत नाही. ज्याच्या घराच्या कर्जाचे हप्ते वीस वर्षे चालायचे आहेत, तो कचेरीत वरिष्ठाला विरोध करण्यापूर्वी दहा वेळा विचार करतो. मुलाला चित्रकला आवडते हे आईवडिलांना दिसत नाही असे नाही. त्यांना चित्रकाराची मिळकतही दिसते. आणि आडनाव ऐकून, खाणेपिणे विचारून घर नाकारले जाते तेव्हा तर सर्वांसारखे दिसणे हा त्या कुटुंबासाठी डोक्यावरच्या छपराचा प्रश्न होतो. म्हणून साचेबंदपणाची निंदा करणाऱ्याने आधी हे विचारले पाहिजे की साच्याबाहेर पडण्याची किंमत कोण देणार आहे आणि ती त्याला परवडण्यासारखी कोणी केली आहे काय?

दुसऱ्या बाजूने बाजारही आता वेगळेपणाच विकतो. थोर्स्टाइन व्हेब्लेन यांनी १८९९ मध्ये दाखवून दिले की माणूस पुष्कळशी खरेदी गरजेसाठी करीत नाही, प्रतिष्ठेसाठी करतो. आजचा बाजार त्यापुढे गेला आहे. 'तुम्ही सर्वांसारखे नाही' असे तो प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येकाच्या हाती तीच वस्तू ठेवतो. रूढी माणसाला सांगते की वेगळा होऊ नकोस. बाजार सांगतो की वेगळा हो, पण आमच्या दुकानातून. लाल छत्रीचा लघुपट नकळत या दुसऱ्याच सांगण्याला बळी पडतो, कारण ती लाल छत्रीही शेवटी विकतच मिळते.

मग खरे उदाहरण कोठे शोधावे? लांब जायला नको. ते कल्याणातच आहे.

कल्याणच्या गणपतराव जोशी यांच्या घरात वाढलेल्या यमुनेचे लग्न वयाच्या नवव्या वर्षी, पोस्टखात्यात नोकरी करणाऱ्या आणि तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठ्या असलेल्या बिजवर गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. तिची आनंदी झाली. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. ७ एप्रिल १८८३ रोजी, वयाच्या अठराव्या वर्षी, ती कलकत्त्याहून पतीवाचून अमेरिकेला निघाली. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फिया येथील पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाची पदवी तिने मिळवली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागावर तिची नेमणूक झाली होती. परंतु क्षयाने ते काम तिच्या हातून होऊ दिले नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात तिचे निधन झाले. वय बावीसही पूर्ण नव्हते.

ही कथा महाराष्ट्राला तोंडपाठ आहे. श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी १९६८ ची; त्याच नावाचा चित्रपट २०१९ मध्ये आला. मग लघुपटाला उरले काय? उरले ते असे की आनंदीबाईंचे वेगळेपण कोणाचे, हा प्रश्न. शिकण्याचा ध्यास मुळात गोपाळरावांचा होता. त्यांनी पत्नीला शिकवले ते मायेने कमी आणि हट्टाने जास्त. अभ्यासासाठी त्यांनी तिला मारले, वस्तू फेकल्या, सोडून जाण्याच्या धमक्या दिल्या, हे तिने स्वतः पुढे अमेरिकेतून पतीलाच लिहिलेल्या पत्रात नोंदवून ठेवले आहे. म्हणजे समाजाच्या साच्यातून सुटलेली ही मुलगी एका विक्षिप्त सुधारकाच्या साच्यात सापडली होती. रूढीविरुद्ध बंड करणारा पुरुषही घरात हुकूमशहा असू शकतो, ही गोष्ट आपल्या चळवळींनी नीट ऐकून घ्यावी अशी आहे. आणि तरीही कोठेतरी त्या मुलीने ती लादलेली इच्छा स्वतःची केली. कोणत्या दिवशी, कोणत्या क्षणी? मूल गेले तेव्हा? की बोटीवर एकटी असताना? याचे निश्चित उत्तर कोणापाशी नाही. परंतु लादलेली वाट आपली होण्याचा तो क्षण म्हणजेच व्यक्तित्वाचा जन्म, आणि दहा-पंधरा मिनिटांच्या चित्रपटात मावेल एवढाच तो आहे.

निघण्यापूर्वी फेब्रुवारी १८८३ मध्ये श्रीरामपूरच्या महाविद्यालयाच्या सभागृहात आनंदीबाईंनी इंग्रजीतून भाषण केले. लोक जे प्रश्न विचारीत होते तेच त्यांनी एकेक करून घेतले. हिंदुस्थानात शिक्षणाची सोय नाही का? एकटीच का जाता? परत आल्यावर जातीबाहेर टाकतील त्याचे काय? तिकडे काही अरिष्ट आले तर? आणि शेवटी, कोणाही बाईने आजवर केले नाही ते तुम्हीच का करावे? चार लोक काय म्हणतील या प्रश्नाला चार लोकांसमोर उभे राहून दिलेले असे उत्तर आपल्या इतिहासात विरळा. लक्षात घेण्याजोगे हे की शेवटच्या प्रश्नाला उत्तर देताना त्यांनी 'माझी मर्जी' असे म्हटले नाही. व्यक्तीच्या कार्यावर समाजाचा हक्क असतो, एकाचे हित सर्वांच्या हिताशी जोडलेले असते, असा त्यांच्या उत्तराचा रोख होता. ज्या समाजाने तिला नाकारले असते त्याच समाजासाठी ती त्याच्याबाहेर पाऊल टाकीत होती.

आणखी एक प्रसंग असा आहे की चित्रपटासाठीच घडला असे वाटावे. गोपाळरावांनी अमेरिकन मिशनऱ्यांना लिहिलेले पत्र आणि त्याचे उत्तर तिकडच्या एका धर्मप्रसारविषयक नियतकालिकात छापून आले होते. न्यू जर्सीतल्या रोझेल येथील थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई दातांच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असताना त्यांच्या हाती तो अंक पडला. त्यांनी पत्र लिहिले. पत्रांतून मावशी-भाचीचे नाते जुळले, आणि अमेरिकेत उतरल्यावर आनंदीबाईंना घर मिळाले ते त्यांचेच. कल्याणची मुलगी डॉक्टर झाली ती एकटीच्या जिद्दीवर नव्हे. एका अनोळखी बाईने उघडलेले दार, एका महाविद्यालयाने दाखवलेला विश्वास, काही हितचिंतकांची मदत, एवढे सारे तिच्या मागे होते. व्यक्तीचे वेगळेपण हे समाजाच्या अभावी उगवत नाही. ते दुसऱ्या, अधिक उदार समाजाच्या आधाराने उगवते. समाजवाद्याला व्यक्तिस्वातंत्र्याबद्दल जे म्हणायचे आहे ते याहून फारसे निराळे नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी खेडे नाकारून व्यक्ती हा घटक मानल्याबद्दल समाधान व्यक्त केले, त्याचाही आशय हाच आहे. ज्या गावगाड्यात माणसाला जातीवाचून चेहरा नव्हता, तेथे कायद्याने त्याला चेहरा देणे हे समाजाचेच काम होते.

आता प्रश्न माध्यमाचा. लघुपट हे स्वतःच आपल्या देशात दीर्घकाळ साच्यात अडकलेले माध्यम होते. १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजनची स्थापना झाली. परवान्याच्या अटीप्रमाणे प्रत्येक चित्रपटगृहाला मुख्य चित्रपटापूर्वी सरकारने संमत केलेले वार्तापट किंवा अनुबोधपट दाखवणे बंधनकारक होते. पुरवठादार एक, गिऱ्हाईक सक्तीचे. अशा व्यवस्थेतून धरणे आणि उद्घाटने यांखेरीज काय निघणार? प्रेक्षक तेवढ्या वेळात बाहेर चहा पीत असत. परंतु त्याच सरकारी कचेरीतून साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात, जाँ भावनगरी यांच्या पाठिंब्याने, काही विलक्षण चित्रपट निघाले. १९६७ मध्ये एस. एन. एस. शास्त्री यांनी 'आय ॲम ट्वेंटी' केला. स्वातंत्र्याच्या वर्षी जन्मलेल्या, वीस वर्षांच्या झालेल्या तरुणतरुणींना त्यांनी बोलते केले. कोणी देशावर प्रेम करतो म्हणतो, कोणी रागावलेला आहे, कोणाला देशाचे काही पडलेले नाही. सरकारच्या पैशाने निघालेल्या चित्रपटात एवढे परस्परविरोधी चेहरे जसेच्या तसे राहू दिले, हे त्याचे यश. प्रमोद पती यांनी 'एक्स्प्लोरर' मध्ये निवेदनच काढून टाकले. सर्वज्ञ निवेदकाचा आवाज गेला आणि माणसे दिसू लागली. लघुपट करणाऱ्याने यातून धडा घ्यावा तो असा की प्रेक्षकाला काय वाटावे हे सांगणारा आवाज हाही एक साचाच आहे.

साच्याबाहेर जाण्याची किंमत याही क्षेत्रात द्यावी लागली. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या 'चार शहर एक कहानी' या शहरांतील श्रीमंती व दारिद्र्य शेजारी ठेवणाऱ्या छोट्या अनुबोधपटाला सर्वांसाठीचे प्रमाणपत्र नाकारण्यात आले. ते सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७० च्या निकालाने पूर्वपरीक्षण वैध ठरवले. परंतु परीक्षणाचे निकष स्पष्ट हवेत ही चर्चा त्या माणसाच्या हट्टामुळे झाली. आनंद पटवर्धन यांनी बिहारमधील जयप्रकाशजींच्या आंदोलनावर 'क्रांती की तरंगें' केला तेव्हा साधने इतकी तुटपुंजी होती की स्वस्त सुपर-८ कॅमेऱ्याने घेतलेली दृश्ये पडद्यावर दाखवून ती पुन्हा १६ मिलिमीटरच्या कॅमेऱ्याने टिपावी लागली. आणीबाणीत तो चित्रपट तुकड्यातुकड्यांनी परदेशी पाठवावा लागला.

आज फिल्म्स डिव्हिजन स्वतंत्र संस्था म्हणून उरलेली नाही. २०२२ मध्ये ती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आली. कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. भांडवलाचा अडसर पुष्कळ कमी झाला ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु काय पाहिले जाईल हे ठरवणारी यंत्रणा आता खाजगी कंपन्यांच्या हाती आहे आणि जे आधी पाहिले गेले त्यासारखेच ती पुढे सरकवते. सरकारी साचा गेला, गणिती साचा आला. मात्र त्यावर एक जुना उपाय अजून शिल्लक आहे. चाळीच्या अंगणात, वाचनालयाच्या खोलीत, कामगारवस्तीच्या समाजमंदिरात पन्नास माणसांना एकत्र बसवून लघुपट दाखवावा आणि नंतर तासभर बोलावे. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाची परंपरा ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे नव्याने शिकवण्याची गरज नाही.

लघुपट करू पाहणाऱ्यांसाठी काही व्यावहारिक सूचना येथे कराव्याशा वाटतात. एक माणूस घ्यावा आणि त्याच्या आयुष्यातला एकच निर्णय घ्यावा. त्याला विरोध करणाऱ्यांना खलनायक करू नये. मुलीला नाटकात जाऊ न देणाऱ्या आईची भीती मुलीच्या इच्छेइतकीच खरी दिसली पाहिजे. उमेश कुलकर्णी यांच्या 'गिरणी' या लघुपटात घरखर्चाला हातभार म्हणून आणलेली पिठाची गिरणी लहान मुलाला आधी अप्रूपाची वाटते आणि मग त्याचे बालपण दळू लागते. तेथे दोषी कोणीच नाही, आणि म्हणूनच ते पाहवत नाही. निर्णयाची किंमत रुपयांत दाखवावी : किती भाडे, किती हप्ता, किती पगार. समूहाचे आवाज जपावेत. डब्यातले भजन, सोसायटीच्या सभेतले खाकरणे, क्लासच्या फळ्यावरचा खडू. आणि शेवट विजयाचा नसला तरी चालेल. आनंदीबाईंनी एकाही रुग्णाला कोल्हापुरात तपासले नाही. म्हणून त्यांचे आयुष्य पराभूत ठरत नाही.

शेवटचा मुद्दा थोडा कडू आहे. साचेबंद समाज म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दुसऱ्यांचा समाज येतो : सनातन्यांचा, बाजाराचा, दुसऱ्या पक्षाचा. परंतु ज्या संघटना समतेसाठी निघाल्या त्यांतही घोषणा ठरलेल्या असतात, वेष ठरलेला असतो, आणि सभेत अडचणीचा प्रश्न विचारणाऱ्या कार्यकर्त्याला पुढच्या सभेचे निमंत्रण पोहोचत नाही, असा अनुभव नवा नाही. आगरकरांनी स्वतःची प्रेतयात्रा जिवंतपणी पुण्याच्या रस्त्यावरून निघालेली पाहिली. ती काढणाऱ्यांनाही आपण समाजाचेच रक्षण करतो असे वाटत होते. तेव्हा पहिला लघुपट आपल्या शाखेवर निघाला तर बरे होईल. सतरंजीच्या टोकाला बसलेली, सर्वांसाठी चहा करून मग खाली येऊन बसणारी, गेल्या दहा वर्षांत ठरावावर एकदाही न बोललेली जी कार्यकर्ती आहे तिच्यासमोर कॅमेरा ठेवावा, आणि तिला विचारावे की बाई, तुम्हाला काय वाटते? तिने बोलायला सुरुवात केली की मध्ये कोणी बोलू नये.